काळ्या शाईतले सासरेबुवा

आमच्या घरी फोडणी गॅरेजमध्ये होत असे. हे वाक्य मी कधी कागदावर उतरवीन असं वाटलं नव्हतं. खरं तर मी काही लिहीन असंच वाटलं नव्हतं. माझं नोकरीतलं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या तळटीपा तपासण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर हल्ली काय करता असं कुणी विचारलं, तर 'वाचते' एवढंच मी खाली बघून सांगत आले. पण कुठून तरी सुरुवात करायलाच हवी, आणि ईडन प्रेरीच्या त्या घराचा जो पहिला आवाज माझ्या कानात आहे तो मोहरीचा आहे. घराबाहेरून, भिंतीपलीकडून, गॅरेजच्या गार सिमेंटवरून येणारा. बर्फ ढकलायच्या यंत्राशेजारी उपडं घातलेलं एक खोकं होतं, त्यावर विजेची एकच शेगडी. साडीवर बाबांचा जुना कोट, पायांत लोकरीचे मोजे आणि त्यावर चपला अशा वेषात आई तिथे उभी राही. धूर जावा म्हणून गॅरेजचं मोठं दार वीतभर उचललेलं असे आणि त्या फटीतून मिनेसोटाचा हिवाळा थेट तिच्या घोट्यांवर येई. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, की कढल्यावर ताटली झाकून ती लगबगीने आत येई. पण दोन दारं आणि बुटांचा बोळ ओलांडेपर्यंत तेल मंदावलेलं असे. वरणावर पडताना आमची फोडणी कधीही आवाज करत नसे. मुकाट्याने पसरत असे.

हा सगळा खटाटोप तळघरात राहणाऱ्या डच मुत्सद्द्यांसाठी होता. माझे बाबा पॅथॉलॉजिस्ट होते. आईला आणि मला बोलावून घेण्याच्या कितीतरी आधी ते एकटेच अमेरिकेत आले होते आणि एका डच वंशाच्या विधवा बाईच्या घरी खोली घेऊन राहिले होते. तिच्या जिन्यात, पायरीगणिक एक, अशी जुनी काळी मुद्राचित्रं टांगलेली होती: दोनतीनशे वर्षांपूर्वीचे हॉलंडचे राजकारणी पुरुष, खांद्यावर रुळणारे केसांचे टोप, गळ्याशी लेसचे रुमाल, कुणाचा हात नकाशावर, कुणाचा तलवारीच्या मुठीवर. बाई वारली तेव्हा तिच्या वारसांना ती भुतं नको होती, बाबांना हवी होती. मग त्यांनी आणखी जमवली. या छापण्याच्या पद्धतीला मेझोटिंट म्हणतात, हे मला पाढ्यांसारखं शिकवलं गेलं. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सगळीकडून इतका खडबडीत करायचा की शाई लावून छापला तर कागदावर नुसता काळोख उतरावा. मग त्या काळोखातून खरवडून, घासून, हळूहळू चेहरा बाहेर काढायचा. जितकं खरवडाल तितका उजेड. छापलेली शाई कागदावर मखमलीसारखी बसते आणि बोट लागलं तरी दुखावते. बाबा हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज फार मऊ होई. जिवंत माणसाशी बोलताना तो तसा झालेला मला आठवत नाही.

तळघरात हवेतली ओल शोषणारं एक यंत्र दिवसरात्र घुरघुरत असे. तिथे जेवण न्यायचं नाही, उदबत्ती लावायची नाही, शिंकायचं असेल तर वर यायचं. तेलाचा धूर जिन्याने खाली उतरतो आणि कागदावर बसतो, असं बाबांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून फोडणी गॅरेजमध्ये गेली. आईला त्या पुरुषांची नावं उच्चारता येत नसत. तिने त्यांना आपली नावं दिली होती. एक रुमालवाले, एक भुवईवाले, एक गाल सुजलेले म्हणून दाढदुखे. आम्ही दोघी ती नावं बाबांच्या माघारी वापरत असू, आणि वर घुरघुरणं ऐकू आलं की ती म्हणे, "दाढदुख्यांना लागली बघ झोप." माझ्या आईला विनोद कळत होता, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे जे घडलं त्यात लोक ते विसरले.

त्या काळी आमच्या भागात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजता यावीत इतकीच होती. शनिवारी कुणाकडे तरी जमायचं, आणि आमच्याकडची पाळी लोकांना विशेष आवडे, कारण आईचा स्वयंपाक आणि नंतरचा बाबांचा कार्यक्रम. श्रीखंड-पुरी आटोपली की सगळे तळघरात उतरत. बाबा एकेका चित्रावरचा दिवा लावत, मला खालच्या लॅटिन ओळी वाचायला लावत, कारण शाळेत मी लॅटिन घेतलं होतं, आणि मग जिन्याकडे तोंड करून हाक मारत, "अगं, ये जरा खाली." आई हात पुसत येई. मग त्या मुत्सद्द्याचं नाव तिने म्हणून दाखवायचं. डच भाषेत ग हा घशातून घासून काढावा लागतो.

"ग नव्हे, ख नव्हे. मधलं. म्हण."

आई म्हणे.

"अगं, घसा साफ करतेस की नाव घेतेस?"

'नाव घेणं' हा शब्द मिळाला की प्रधानकाकांना ऊत येई. प्रधानकाका इंजिनियर होते, बाबांचे इथले सर्वांत जुने स्नेही, आणि हसताना ते शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारत. "वहिनी, नाव घ्या, नाव घ्या," ते टाळ्या वाजवत ओरडत, "उखाण्यात घ्या. डॉक्टरांचं नाव रोजच घेता, आज या टोपवाल्याचं घ्या." बायकासुद्धा हसत. आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत पुन्हा एकदा तो ग काढून बघे, आणि तो पुन्हा चुकला की ती स्वतःही हसे. मला वाटतं, लवकर सुटका व्हावी म्हणून हसे.

आईचे वडील, आमचे नाना, मिरजेला जकात नाक्यावर कारकून होते. आई त्यांची एकुलती एक. आजी आधीच गेलेली. नाना गेल्याचा फोन गुरुवारी सकाळी आला. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. पलीकडे आईचा चुलतभाऊ होता आणि आवाज तुटत होता, म्हणून ती मोठ्याने "हो, हो, कधी?" म्हणत होती, बाजारहाट विचारावी तशी. फोन ठेवून ती तिथेच उभी राहिली. बाबा टोस्टला लोणी लावत होते.

"नाना गेले," ती म्हणाली.

"वय झालं होतं," बाबा म्हणाले.

"मी जाऊन येते."

"जाऊन काय करणार? तू पोचेस्तोवर सगळं आटोपलेलं असेल. आणि शनिवारी लोक येतायत."

"शनिवारचं पुढे नाही ढकलता येणार?"

"कॅन्सल कसं करणार? लोकांनी बेबीसिटर अरेंज केलेत. नवा प्रिंट आलाय, प्रधान मुद्दाम मीटिंग सोडून येतोय."

आईने फोनची गुंतलेली वायर सरळ केली. मग म्हणाली, "मला तीन दिवस सुतक आहे. सुतकात फोडणी घालत नाहीत, गोड करत नाहीत."

बाबा हसले. सुरी बशीवर ठेवून, नीट ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, "फोडणी तू घरात घालतेस कुठे? गॅरेजला कसलं आलंय सुतक?"

माझ्या बाबांचा विनोद खरोखर चांगला असे. आमच्या घरातली सर्वांत वाईट गोष्ट कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन. ओरडणाऱ्या माणसाचा राग करता येतो. पण त्यांचं वाक्य इतकं नेमकं बसे की ऐकणाऱ्याचे ओठ आधी हलत आणि मग त्याला लाज वाटे. त्या सकाळी मात्र कुणाचेच हलले नाहीत. शनिवारी आईने पुऱ्या केल्या, श्रीखंड केलं, गॅरेजमध्ये उभी राहून बटाट्याच्या भाजीला फोडणी दिली. नाना गेल्याचं बाबांनी कुणाला सांगितलं नाही आणि तिनेही नाही. सगळे तळघरात उतरल्यावर हाक आली. ती खाली गेली. नव्या मुत्सद्द्याचं नाव तिने म्हणून दाखवलं, प्रधानकाकांनी उखाणा मागितला, आणि नुकतेच वडील गेलेली ती बाई पदराचं टोक गुंडाळत हसली.

आईकडे नानांचा फोटो नव्हता. म्हणजे एक होता, पण त्यात ते दिसत नव्हते. लग्नाच्या अल्बममध्ये एका पानावर बाबा पाटावर बसलेले आहेत, मुंडावळ्या बांधलेले, कॅमेऱ्याकडे पाहणारे. आणि त्यांच्या पुढ्यात एक माणूस वाकून त्यांचे पाय धुतो आहे. त्या माणसाची फक्त काळी टोपी आणि पाठीचा कणा दिसतो. ते नाना. फोटो काढून घ्यायचा त्यांना मनस्वी कंटाळा होता, आणि भाड्याच्या खोलीत जे काही असेल ते चुलतभावाला सापडलं नाही. आईने फोनवर दोनदा विचारलं. मग तिने एक दिवस जेवताना बाबांना विचारलं, लग्नात आणखी कुणी फोटो काढले होते का. बाबा म्हणाले, "आहे ना तो एक. चांगला आलाय. सासऱ्याचा फोटो असाच असावा."

आज मी मॉरिसव्हिलला माझ्या मुलाच्या घराजवळ राहते. त्याच्याकडे नात जन्मल्यापासूनचे इतके फोटो आहेत की ते पाहायला एक आयुष्य पुरणार नाही. त्याला मी एकदा सांगितलं की माझ्या आजोबांचा चेहरा मला फक्त एका डच माणसावरून ठाऊक आहे. "दॅट्स सो वियर्ड, आई," तो म्हणाला, आणि मला पुढे काही बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

त्या हिवाळ्यात बाबांनी चित्रांच्या चौकटी उघडायला घेतल्या होत्या. जुने पुठ्ठे कागदाला खातात, म्हणून एकेक चित्र काढून, पाठीचा पुठ्ठा बदलून, पुन्हा काचेआड बसवायचं. तळघरातल्या लांब टेबलावर दोनतीन मुत्सद्दी पातळ कागदाखाली उताणे पडलेले असत. नानांच्या तेराव्याच्या दिवशी दुपारी मी शाळेच्या बसमधून उतरून घरी आले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं आणि तळघराचा दिवा चालू होता, म्हणून मी खाली गेले.

आई टेबलापाशी स्टुलावर बसली होती. नहालेली, केस ओले. शेजारी सहाण, चंदनाचं खोड, वाटीत थोडं पाणी. समोर ज्याला आम्ही रुमालवाले म्हणत असू ते चित्र होतं, आणि त्याच्या कपाळावर तिने गंध लावलेलं होतं. चार अक्षता त्याच्या लेसवर पडल्या होत्या. मी एकदम म्हणाले, "आई, काच?"

"काच काढलेलीच होती," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. उलट मी कित्येक दिवसांत न ऐकलेला निवांतपणा होता. "बरंच झालं. काचेवर लावलं असतं तर हात नसता लागला."

मग तिने मला जवळ बोलावून दाखवलं. डाव्या डोळ्याखालची पिशवी. किंचित पुढे आलेला खालचा ओठ. समोरच्याने चहा घ्यावा की नको म्हणावं, याची वाट बघत असल्यासारखं पाहणं. "अगदी असेच बसायचे," ती म्हणाली, "नाक्यावर." तो हॉलंडचा कुणी बडा कारभारी होता, खालच्या लॅटिन ओळींत त्याच्या पदव्या मावत नव्हत्या. पण आमच्याकडे भिंतीवर चौकटीत एकट्या माणसाचं काळंपांढरं चित्र असलं तर तो घरातला गेलेला माणूस असतो, त्याला गंध लावायचं असतं, हे आईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. चूक म्हणायची तर एवढीच, की गंध ओलं होतं आणि कागद उघडा होता. तिने बोट उचललं तेव्हा कपाळावरची शाई बोटाबरोबर टोपाच्या केसांपर्यंत ओढली गेली होती. तो काळा फराटा तिला दिसला होता. ती म्हणाली, "वाळलं की पुसून घेईन." पुसता येणार नाही, हे त्या घरात फक्त तिलाच नीट सांगितलं गेलं नव्हतं. तिला फक्त नाव म्हणायला शिकवत होते.

संध्याकाळी बाबा सरळ तळघरात गेले. आम्ही दोघी वर जिन्याच्या तोंडाशी उभ्या होतो. बराच वेळ नुसती यंत्राची घुरघुर ऐकू येत होती. मग त्यांनी तिला हाक मारली, नेहमीचीच. "अगं, ये जरा खाली."

ते टेबलाशी उभे होते, हात पाठीमागे, हॉस्पिटलात काचपट्टी पाहताना उभे राहत असतील तसे. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गंध."

"कुणाला?"

"नानांना," आई म्हणाली. "आज तेरावा."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. ते हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "नाना," ते म्हणत, "जकात नाक्यावरचे नाना," आणि पुन्हा हसत. मग चष्मा पुसून त्यांनी चिमट्याने एकेक अक्षता उचलली. गंध तसंच ठेवलं. वाळू दिलं, नवा पुठ्ठा घातला, काच बसवली, आणि आजवर कधी न झालेली गोष्ट झाली: तळघरातला एक मुत्सद्दी वर आला. दिवाणखान्यात सोफ्याच्या बरोबर वर बाबांनी खिळा ठोकला.

पुढच्या शनिवारी लोक बूट काढायच्या आधीच ते म्हणाले, "या, आमच्या सासऱ्यांना भेटा."

त्यांनी ती हकिगत फार सुंदर सांगितली. सहाण, खोड, लेसवरच्या अक्षता, काहीही न गाळता. आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत नव्हती, लाटत होती; तळणं गॅरेजमध्ये होतं. लाटण्याचा आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. शेवटी बाबा म्हणाले, "त्याचं काय आहे, आमच्या हिला भिंतीवरचा माणूस दिसला की तो गेलेलाच वाटतो." प्रधानकाकांनी हसता हसता कुणाचा तरी खांदा जवळजवळ निखळवला. त्या दिवसापासून ते चित्र सासरेबुवा झालं. काका आत येताच त्याला मुजरा करत. "काय सासरेबुवा, जावई त्रास देत नाहीत ना?" कुणी ग्लास उंचावून विचारी, "सासरे घेतात का?" एकदा कुणीतरी त्यांच्यापुढे वाटीत गुलाबजाम ठेवला आणि जाताना तो खाऊनही टाकला. "प्रसाद, यार." अमेरिकन पाहुण्यांसाठी बाबा तीच गोष्ट इंग्रजीत सांगत आणि शेवटी म्हणत, "शी इज अ व्हेरी सिंपल पर्सन." आई त्या चित्राखालून ट्रे घेऊन जात असे. वर पाहत नसे. मला फक्त एकदा म्हणाली, पोळीला तेल लावताना, "त्यांना तिथून काढायला हवं गं. माणसं बूट घालून पुढ्यातून जातात."

मी बाबांना विचारलं. मला कुणाशीही बोलताना आधी मनात वाक्य रचावं लागतं. ते रचून, पाठ करून, मी विचारलं. सासरेबुवांचं चित्र आईला द्याल का? बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "डॅमेज्ड प्रिंट आहे तो. तिने त्याची दुसरी काहीच व्हॅल्यू ठेवलेली नाही. निदान लोक हसतात तरी."

वर्ष उलटलं. बाबांची पन्नाशी जवळ आली, आणि त्यांनी स्वतःचं मेझोटिंट करून घ्यायचं ठरवलं. जवळच्या एका कॉलेजात हेलन नावाची बाई छपाई शिकवत असे आणि हे जुनं तंत्र तिला येत होतं. बाबा शाल पांघरून, एक हात पुस्तकावर ठेवून तिच्यापुढे बसत; गाडीतून जाण्यायेण्यात सोबत म्हणून मला नेत. हेलन तांब्यावर ते दातेरी हत्यार डोलवत असे, एकसारखं, खर्र खर्र, आणि कित्येक आठवडे त्या पत्र्यावर बाबांचं काहीच दिसत नव्हतं. "अजून पुरेसं काळं झालेलं नाही," ती म्हणे. मग एक दिवस तिने कपाळापासून खरवडायला सुरुवात केली. चित्र फार चांगलं झालं. त्यात बाबा त्या डच मुत्सद्द्यांपैकी एक दिसत होते: तेच जाड पापण्यांचं, समोरच्याला तोलणारं पाहणं. हेलनचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

त्याच सुमाराला प्रधानकाकू महिनाभर पुण्याला जाऊन येणार होत्या. जाताना त्यांनी सगळ्यांना विचारलं, काय आणू. आईने एकच वस्तू मागितली: फोटोला घालतात तो चंदनाच्या सालीचा हार. "सासरेबुवांना वाटतं," काका म्हणाले, आणि काकूंनी प्रथमच त्यांना डोळ्यांनी दटावलं. हार आला तेव्हा तो आईने कपाटात साड्यांखाली ठेवला. तो सोफ्यावरच्या चित्राला घातला जाईल, मग बाबा त्यावर काही बोलतील, मग लोक हसतील, असं मला वाटत राहिलं आणि मी त्या कल्पनेने झोपेतून दचकून उठत असे.

पन्नाशीला घर भरून गेलं होतं. हॉस्पिटलातली माणसं, त्यांच्या बायका, सगळे मराठी. दिवाणखान्याच्या दुसऱ्या भिंतीवर, सासरेबुवांच्या बरोबर समोर, बाबांचं चित्र रेशमी कापडाखाली टांगलं होतं. कापड हेलनने ओढलं. टाळ्या झाल्या. बाबांनी काळोखातून उजेड कसा काढतात ते सांगितलं आणि मग म्हणाले, "नाऊ, अ लिटल ट्रॅडिशन." औक्षण करायचं ठरलं होतं, अमेरिकन लोकांना ते आवडतं. आई आतून तबक घेऊन आली. निरांजन, सुपारी, अक्षता, चंदनाची वाटी. तिने डोईवरून पदर घेतला होता. बाबा खुर्चीत बसून, कपाळ किंचित पुढे करून थांबले.

आई त्यांच्यापुढून गेली. भिंतीपाशी जाऊन तिने चवड्यांवर उंच होत बाबांच्या चित्राला गंध लावलं. काचेवर, अगदी मधोमध, जराही न ओघळणारं. अक्षता वाहिल्या. मग तबक प्रधानकाकूंच्या हातात दिलं, तबकातल्या रुमालाखालून तो चंदनाचा हार काढला, दोन्ही हातांनी चौकटीला घातला, सारखा केला, आणि दोन पावलं मागे येऊन हात जोडले.

मराठी माणसं जागच्या जागी थिजली. प्रधानकाकांचा घास तोंडात होता तो तसाच राहिला. काकू पुटपुटल्या, "अगं बाई." आणि त्या शांततेत हॉस्पिटलच्या कुणा मोठ्या डॉक्टरांच्या बायकोने छातीवर हात ठेवून म्हटलं, "हाऊ ब्यूटिफुल," आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्या अमेरिकनांनी वाजवल्या. हेलनचे डोळे भरून आले होते. बाबा खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा छापण्याआधीच्या कागदासारखा झाला होता. पण समोर टाळ्या चालल्या होत्या, म्हणून त्यांनी मान झुकवली आणि म्हणाले, "थँक यू."

मग अगदी हळू, मराठीत, ओठ न हलवता त्यांनी तिला विचारलं, "काय केलंस हे?"

आई तितक्याच हळू म्हणाली, "चुकलं का माझं? भिंतीवरचा माणूस दिसला की मला तो गेलेलाच वाटतो."

हॉस्पिटलच्या लोकांनी अर्थ विचारला, तेव्हा बाबांनाच सांगावं लागलं की आमच्याकडे हा फार मोठा मान समजतात. एकदा तसं सांगितल्यावर हार काढता येईना. पुन्हा येणारा प्रत्येक जण तो आहे ना बघत असे. पण काढायचं धैर्यही त्यांना नव्हतं, असं मला नंतर वाटत आलं. इतकी मढी कापलेला, सुतकाला हसणारा माणूस रोज सकाळी त्या चित्राकडे पाठ करून रक्तदाब मोजू लागला. शनिवारचे कार्यक्रम विरळ झाले. सासरेबुवांना मुजरा थांबला. एके दिवशी ते चित्र आईने काढलं आणि चादरी-टॉवेलांच्या कपाटात, जिथे तिचे देव होते, तिथे नेऊन लावलं, तरी कुणी काही बोललं नाही. पन्नाशीनंतर बाबा तिच्याशी कधी सरळ बोलले नाहीत. "आईला सांग" एवढ्या दोन शब्दांवर माझं कॉलेजला जाण्याआधीचं शेवटचं वर्ष गेलं, आणि मी गेल्यावर ते सांगायलाही कुणी उरलं नाही. फोडणी मात्र गॅरेजमध्येच राहिली. तेवढा हुकूम त्यांनी मागे घेतला नाही आणि तिने मोडला नाही. म्हातारपणी, वाकलेल्या पाठीने, तोच कोट घालून ती त्या शेगडीपाशी उभी राहताना मी पाहिली आहे.

बाबा नंतर पुष्कळ वर्षं जगले. ते गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी विमानाने पोचले तेव्हा प्रधानकाका-काकू आधीच आलेले होते. काका आता काठी घेऊन चालत होते आणि त्यांनी पांढऱ्या फुलांचा ताजा, जाड हार आणला होता. काकूंनी रिवाजाप्रमाणे डब्यातून वरणभात आणला होता, फोडणीशिवायचा. काका दिवाणखान्यात बाबांच्या चित्रासमोर थांबले. चंदनाची साल काळवंडली होती. जुना काढून नवा घालावा म्हणून त्यांनी हात वर केला.

"राहू द्या," आई म्हणाली. "त्यांचं मागेच झालंय."

तिने काकांच्या हातातून फुलांचा हार घेतला, बोळातून कपाटापाशी गेली आणि दार उघडलं. त्या लहान चौकटीला तो मोठा होत होता. तिने तो दुहेरी करून घातला, तसा कपाळावरचा फराटा फुलांआड गेला आणि खाली नुसते डोळे आणि चहाची वाट पाहणारा तो ओठ राहिला. ती थोडा वेळ तिथे उभी होती. मग स्वयंपाकघरात आली, काकूंच्या डब्यातलं वरण पातेल्यात ओतलं, कढलं काढलं आणि ओट्यावरची आतली शेगडी पेटवली.

"वहिनी, आज फोडणी?" काकू म्हणाल्या.

आईने मोहरी टाकली. ती तडतडली, हिंगाचा वास घरभर गेला, जिन्याने खाली उतरला. मग तिने कढलं वरणावर उपडं केलं, आणि त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकलं: चर्र.